कर्करोग-परिचारिका : एकशेवीस दिवसांची सोबत

कर्करोगाच्या उपचाराचे वेळापत्रक हिशेबाच्या वहीत मांडून पाहिले, तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे केमोथेरपीच्या सहा फेऱ्या ठरल्या, तर ढोबळ मानाने तो उपचार १२६ दिवसांचा होतो. त्यांपैकी शिरेतून औषध घेण्याचे दिवस सहा. उरलेले १२० दिवस रुग्ण आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर आणि आपल्या माणसांत असतो. कुटुंबाची सारी चौकशी मात्र त्या सहा दिवसांभोवती फिरत राहते. डॉक्टर कोण, रुग्णालय कोणते, औषध देशी की परदेशी, एका फेरीचा खर्च किती, या प्रश्नांची उत्तरे चार ठिकाणी विचारून, ताडून पाहून मिळवली जातात. एकशेवीस दिवसांत रुग्णाकडे जाणत्या नजरेने कोण पाहणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

औषधाचा त्रास मात्र बहुधा या घरच्या दिवसांतच होतो. मळमळ, तोंडातील व्रण, जुलाब, थकवा, ताप यांपैकी बऱ्याच गोष्टी रुग्णालयाच्या खुर्चीवर होत नाहीत. त्या तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या दिवशी घरी होतात. त्या वेळी कोणती गोष्ट सहन करण्याजोगी आणि कोणती तातडीने रुग्णालय गाठण्याजोगी, हे ओळखणे म्हणजे निम्मा उपचार होय. हे ओळखण्याचे आणि घरच्यांना ओळखायला शिकवण्याचे काम जिच्याकडे असते, ती कर्करोगाचे विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका. तिच्या कामाचे मोल अद्याप पुरते जाणले गेलेले नाही.

‘सिस्टर’ आणि विशेष परिचारिका

रुग्णालयात गणवेश घातलेल्या प्रत्येक स्त्रीला आपल्याकडे ‘सिस्टर’ अशी हाक मारली जाते. घरी ब्यूरोमार्फत येऊन रुग्णाला आंघोळ घालणाऱ्या, जेवू घालणाऱ्या मावशींनाही पुष्कळदा ‘नर्स’च म्हटले जाते. त्यांची सेवा मोलाची असते, यात शंका नाही. पण ही तीन कामे वेगवेगळी आहेत, आणि त्यांत गल्लत झाली की रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागते.

परिचारिकेचे मूळ शिक्षण म्हणजे जीएनएम अथवा बी.एस्सी. नर्सिंग. त्यानंतर भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला कर्करोग-परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम उपलब्ध आहे. केमोथेरपीची औषधे हाताळणे, किरणोपचारानंतर त्वचा जपणे, वेदनांचे मोजमाप घेणे, शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन आणि आयुष्याच्या अखेरच्या काळातील सेवा हे तिच्या शिक्षणाचे विषय होत. त्यातही पुढे शाखा पडतात. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करणारी परिचारिका वेगळी, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर ठेवलेल्या मलमार्गाची, म्हणजे ‘स्टोमा’ची, काळजी शिकवणारी वेगळी, वेदनाशमनाचे काम करणारी आणखी वेगळी. सामान्य वॉर्डातील परिचारिका त्या पाळीपुरती अनेक रुग्णांना सांभाळते. विशेष परिचारिका त्याच रुग्णाला निदानापासून उपचार संपेपर्यंत ओळखते, आणि हाच दोघींमधील मुख्य फरक आहे.

हे काम कसे उभे राहिले

या सेवेच्या इतिहासात रुग्णांच्या अनुभवाला मोठे स्थान आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल या महिलेला कामावर घेतले. त्या परिचारिका नव्हत्या. आतड्याच्या दीर्घ विकारामुळे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि पोटावर स्टोमा घेऊन त्या जगत होत्या. शस्त्रक्रिया उत्तम करता येते, परंतु नंतर पिशवी कशी लावावी, त्वचा कशी राखावी, चारचौघांत कसे वावरावे, हे शिकवणारे कोणी नाही, ही उणीव टर्नबुल यांनी ओळखली होती. स्वतः त्यातून गेलेली व्यक्ती ते शिकवू शकते, हे गिल यांनी दाखवून दिले. पुढे याच कामाचे रीतसर शिक्षण सुरू झाले आणि ती परिचर्येची स्वतंत्र शाखा बनली.

ब्रिटनमध्ये डेम सिसिली साँडर्स यांनी प्रथम परिचारिकेचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस ही संस्था सुरू केली. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची चिंता, कुटुंबाची काळजी, पैशाची विवंचना आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न हे सारे त्या वेदनेचेच भाग असतात, असे त्यांनी मांडले. दुकानाचे देणे डोक्यावर असलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही, आणि झोप नसली की दुखणे दुप्पट वाटते. व्यापारी घरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच देशात डग्लस मॅकमिलन यांनी वडिलांच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर १९११ मध्ये एक संस्था स्थापन केली होती. त्या संस्थेने १९७५ पासून कर्करोग-परिचारिकांची पदे उभी करण्यास आरंभ केला. आज ‘मॅकमिलन नर्स’ हे नाव तेथे घरोघरी ठाऊक आहे. रुग्णाला त्याच्या ठरलेल्या परिचारिकेचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक देण्याची पद्धतही तेथे रुजली आहे.

पहिल्या फेरीपूर्वी

परिचारिकेचे काम औषध सुरू होण्याच्या आधीच सुरू होते. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले की त्यानंतरची बहुतेक वाक्ये रुग्णाच्या कानांवर पडतात, मनात उतरत नाहीत. तीच माहिती पुन्हा, सावकाश, रुग्णाच्या भाषेत सांगणे हे तिचे पहिले काम. केस केव्हा गळतील आणि पुन्हा येतील का, कामावर जाता येईल का, घरात लहान नातवंडे असली तर चालेल का, तरुण रुग्णाला पुढे मूल होईल का, असे प्रश्न डॉक्टरांसमोर विचारण्याचा संकोच वाटतो. परिचारिकेसमोर ते विचारले जातात.

आतड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी स्टोमाची जागा पोटावर कोठे असावी, याची खूण प्रशिक्षित परिचारिका करून ठेवते. रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून आणि वाकायला सांगून ती पाहते. परकराची नाडी कोठे बांधली जाते, निऱ्या कोठे खोचल्या जातात, पुरुषाचा पट्टा अथवा धोतराची गाठ कोठे येते, हे ध्यानात घ्यावे लागते. ही जागा दोन बोटे चुकली तर पिशवी नीट चिकटत नाही, गळत राहते आणि माणूस घराबाहेर पडणे सोडून देतो. दुकानाच्या गादीवर पुन्हा बसता येईल की नाही, हे पुष्कळदा शस्त्रक्रियेआधीच्या या खुणेवर अवलंबून असते.

औषध देण्याच्या दिवशीची तिची दक्षता बाहेरून दिसत नाही. रुग्णाचे नाव, वजन, रक्ताचा अहवाल, औषधाची मात्रा आणि क्रम हे दोन जणांनी स्वतंत्रपणे ताडून पाहायचे असते. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, तशीच ही व्यवस्था. काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर आतील मांस जळते. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध त्यांपैकी एक. म्हणून सुईच्या जागी आग, टोचणी अथवा सूज जाणवताच रुग्णाने तत्काळ सांगावे, असे ती आरंभीच बजावते. ‘थोडे दुखतेच, कशाला त्रास द्यायचा’ असा विचार करून गप्प बसणारे सोशिक रुग्ण येथे स्वतःचेच नुकसान करून घेतात.

दहाव्या दिवसाचा ताप

केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. जंतूंशी लढणारे सैन्य त्या काळात जवळजवळ रिकामे असते. म्हणून या दिवसांतील ताप हा नेहमीचा ताप नव्हे. थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप दिसला की तातडीने रुग्णालयाशी संपर्क साधायचा, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत प्रतिजैविक मिळावे, असा दंडक असतो.

असा एक प्रसंग कल्पून पाहावा. तालुक्याच्या गावी राहणारे, किराणा मालाची पेढी असलेले साठीचे एक गृहस्थ मुंबईहून तिसरी फेरी घेऊन परतले आहेत. दहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता अंग कणकणते. घरचे कपाळाला हात लावून पाहतात, तापाची गोळी देतात. ताप उतरतो, सर्वांना हायसे वाटते. ‘उगाच रात्री कोणाला उठवायचे, सकाळी पाहू’ असे ठरते. गोळीने मात्र ताप केवळ झाकला गेलेला असतो. जंतुसंसर्ग रात्रभर वाढत राहतो. पहाटे रक्तदाब खाली जातो, लघवी कमी होते, बोलण्यात असंबद्धता येते. जो रुग्ण रात्री बाराला प्रतिजैविकाने सावरला असता, तो सकाळी अतिदक्षता विभागात दाखल होतो. तेथून सगळेच परत येतात असे नाही.

त्याच घराच्या फाईलवर परिचारिकेचा अथवा तिच्या कक्षाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला असता तर रात्र वेगळी गेली असती. ती दूरध्वनीवर चार प्रश्न विचारते : औषध घेऊन कितवा दिवस, थर्मामीटरवर नेमका आकडा किती, थंडी वाजते आहे का, तापाची गोळी दिली आहे का. मग जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचे, तेथील डॉक्टरांना ‘केमोथेरपी चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात कसे सांगायचे, कोणते कागद न्यायचे, हे ती सांगते. मुंबई-पुण्यात उपचार घेऊन जळगाव, सांगली, लातूरकडे परतणाऱ्या रुग्णांसाठी हा एक दूरध्वनी विशेष मोलाचा, कारण गावच्या डॉक्टरांना त्या औषधांचा परिचय असेलच असे नाही.

तापाइतक्याच आणखी काही गोष्टी ती घरच्यांकडून पाठ करून घेते. चोवीस तासांत पाणीही पोटात टिकत नसेल, नेहमीपेक्षा चार अथवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले, नाकातून, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त दिसले, एकच पाय सुजून दुखू लागला, श्वास लागला, पाठीत नवी कळ येऊन पायांतील जोर कमी झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. उलट केस गळणे, जिभेची चव जाणे, दोन-चार दिवसांचा थकवा यांनी घाबरायचे नाही. कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, याची ही यादी हाती असली की घरातील निम्मी भीती आपोआप कमी होते.

आकडे काय सांगतात

परिचारिकेचे ऐकून घेणे हा निव्वळ सौजन्याचा भाग आहे, असे कोणास वाटेल. पण त्याचा हिशेब मांडला गेला आहे. ब्रिटनमध्ये मँचेस्टर येथे डॉ. पीटर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दीडशे स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना विशेष परिचारिकेची सोबत दिली होती, निम्म्यांना नेहमीची सेवा. परिचारिकेच्या समजावण्याने मनाचा आजार टळला नाही, हे अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नमूद केले. मात्र तिची नजर सतत असल्याने ज्यांना मानसोपचाराची गरज होती, त्यांपैकी ७६ टक्के स्त्रिया तिने ओळखल्या आणि योग्य ठिकाणी पाठवल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण केवळ १५ टक्के होते. वर्ष-दीड वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या गटात १२ टक्के स्त्रिया मानसिक आजाराने ग्रस्त होत्या, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

दुसरा अभ्यास न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील आहे. डॉ. इथन बॅश आणि सहकाऱ्यांनी रोग शरीरात पसरलेल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. एका गटातील रुग्ण आपल्या त्रासाची नोंद संगणकावर करीत. त्रास तीव्र झाला अथवा वाढला की परिचारिकेला आपोआप सूचना जाई, आणि ती बहुतेक वेळा काही ना काही उपाय करी : दूरध्वनीवरून सल्ला, औषधात बदलाची व्यवस्था किंवा तातडीने बोलावणे. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा मिळे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाचा मध्यक जगण्याचा काळ ३१.२ महिने होता, दुसऱ्याचा २६ महिने. पाच महिन्यांचा हा फरक कोणत्याही नव्या औषधामुळे पडला नव्हता. रुग्णाचे दुखणे वेळेवर कोणाच्या तरी कानांवर गेले आणि त्यावर कोणी तरी हालचाल केली, एवढाच तो फरक.

घरातील मौन

आपल्या कुटुंबपद्धतीत आजाऱ्याभोवती माणसांची उणीव नसते. उणीव असते ती मोकळ्या बोलण्याची. ‘बाबांना काही सांगू नका’ अशी विनंती मुलगा डॉक्टरांना करतो. बाबांना सारे कळलेले असते, पण मुलाला वाईट वाटू नये म्हणून तेही बोलत नाहीत. घरात दोघे एकमेकांपासून तेच दुःख लपवीत राहतात. सुनेचे लग्नघर, भाच्याचे वास्तुपूजन, दिवाळीचा हंगाम यांच्या धांदलीत घरची गृहिणी छातीतील गाठ महिनोन्‌महिने कोणाला सांगत नाही. उपचार सुरू झाल्यावरही ‘माझ्यामुळे सगळ्यांचे अडते’ म्हणून त्रास कमी करून सांगते.

अनुभवी परिचारिका हे मौन ओळखते. हाताला सलाईन लावताना, ड्रेसिंग बदलताना, नातेवाईक औषधे आणायला गेलेले असताना रुग्ण तिच्यापाशी बोलतो. रुग्णाला कितपत जाणून घ्यायचे आहे, हे ती त्याच्याच तोंडून काढून घेते आणि डॉक्टर व कुटुंब यांच्यात त्या बोलण्याची वाट मोकळी करते. मृत्युपत्र, पेढीतील भागीदारी, बँकेच्या खात्यांवरील नामनिर्देशन अशा व्यवहाराच्या गोष्टीही रुग्ण शुद्धीवर व शांत असताना उरकलेल्या बऱ्या. सत्य दडपले गेले की त्या राहून जातात आणि मागे उरलेल्यांना वर्षानुवर्षे निस्तराव्या लागतात.

वेदनाशमनाबाबतही असेच मौन असते. मॉर्फिनचे नाव काढताच घरचे दचकतात. व्यसन लागेल, आता शेवट आला, असे वाटते. तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक तासांनी घेतलेले मॉर्फिन हे औषध आहे, शेवटाची घोषणा नव्हे. शून्य ते दहा या पट्टीवर वेदना किती, हे परिचारिका रोज विचारते, मात्रेची नोंद ठेवते आणि मॉर्फिनने होणाऱ्या बद्धकोष्ठावर पहिल्या दिवसापासून उपाय सुरू करून घेते.

आहार, उपवास आणि सूर्यास्त

जैन घरांच्या बाबतीत एक गोष्ट परिचारिकेला आवर्जून सांगितली पाहिजे, ती म्हणजे घरातील आहाराचे नियम. चौविहाराचा नियम असलेला रुग्ण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने मूत्राशयाला आणि सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडाला इजा होऊ नये, म्हणून भरपूर पाणी पिणे आवश्यक असते. हा नियम आधी सांगितला तर पाण्याचे प्रमाण आणि शक्य तितक्या गोळ्या दिवसाउजेडी बसवून देता येतात; जे बसवता येत नाही, ते कोणते, हेही स्पष्ट होते. न सांगितल्यास परिचारिका समजते रुग्ण पाणी पितो आहे, आणि रुग्ण समजतो नियम पाळूनही सारे ठीक चालले आहे.

कंदमुळे आणि अंडी वर्ज्य असताना प्रथिने कोठून मिळवायची, याची आखणी डाळी, मूग, दूध, पनीर, शेंगदाणे यांतून होऊ शकते. पाणी उकळून पिण्याची घरची सवय या काळात उपयोगीच पडते. तोंडातील व्रणांसाठी मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या जातात. कॅप्सूलच्या आवरणातील जिलेटिनला हरकत असल्यास तेही संकोच न करता विचारावे. काही औषधांना पर्याय असतो. पर्युषण अथवा दशलक्षण पर्वात उपवासाची इच्छा झाली, तर रुग्णाने ती केमोथेरपीच्या तारखांसह डॉक्टरांपुढे ठेवावी. गुपचूप केलेला उपवास रक्ताच्या अहवालात दिसतो, पण त्याचे कारण कोणास कळत नाही.

आपल्याकडील स्थिती

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेला शांती अवेदना आश्रम हे देशातील पहिले हॉस्पिस मानले जाते. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक व सांत्वन सेवेचे राज्य धोरण स्वीकारले. तेथे प्रशिक्षित परिचारिका घरोघर जाऊन रुग्णांना भेटतात, आणि गावातील स्वयंसेवक व देणगीदार त्यांना साथ देतात. टाटा स्मारक केंद्राने रुग्णांना उपचाराच्या वाटेवर सोबत करणारे मार्गदर्शक तयार करण्यासाठी ‘केवट’ नावाचा उपक्रम हाती घेतला. नदी पार करून देणाऱ्या नावाड्याचे हे नाव कामाला शोभेसे आहे.

तथापि गरजेच्या मानाने हे फार थोडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १४ लाख नव्या रुग्णांचे निदान झाले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. अनेक रुग्णालयांत कर्करोग विभागात तयार झालेली परिचारिका बदलीच्या चक्रात दुसऱ्या वॉर्डात जाते आणि तिचे विशेष ज्ञान वाया जाते. पगार थोडा आणि पाळ्या जास्त असल्याने कित्येक जणी परदेशाची वाट धरतात.

कुटुंबाने काय करावे

पहिल्या फेरीपूर्वी रुग्णालयात चार गोष्टी विचारून घ्याव्यात. कर्करोगाचे विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका येथे आहे का? घरी त्रास झाल्यास रात्री-बेरात्री कोणत्या क्रमांकावर बोलायचे? गावी परतल्यावर तातडीच्या वेळी दाखवायचे कार्ड मिळेल का? पिक लाइन किंवा पोर्ट बसवल्यास त्याची स्वच्छता कोण आणि किती दिवसांनी करणार? सोबत एक साधी वही ठेवावी. तारीख, ताप, जेवण, शौच, वेदना, गोळ्या यांची रोजच्या रोज नोंद करावी. व्यापारी घरांना रोजकीर्द लिहिण्याचे शिक्षण द्यावे लागत नाही. तीच शिस्त रुग्णाच्या वहीला लावली की परिचारिकेला पाच मिनिटांत एकवीस दिवसांचे चित्र दिसते.

दुसरी गोष्ट दानाविषयी. समाजातील विश्वस्त संस्थांनी रुग्णालयांना इमारती, रुग्णवाहिका, यंत्रे उदारपणे दिली आहेत. यंत्रावर नाव कोरता येते. परिचारिकेच्या पगारासाठी दिलेल्या देणगीची पाटी कोठे लागत नाही. मॅकमिलन संस्थेने यातून एक व्यवहार्य मार्ग काढला. परिचारिकेच्या पदाचा पहिल्या काही वर्षांचा खर्च संस्थेने उचलायचा, पुढे तो आरोग्यसेवेने चालवायचा आणि पदाला संस्थेचे नाव कायम ठेवायचे. हिशेबासाठी परिचारिकेचे मासिक वेतन ४० हजार रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ४ लाख ८० हजार आणि तीन वर्षांचा १४ लाख ४० हजार रुपये होतो. पद कायमचे उभे करायचे असेल तर सात टक्के व्याज गृहीत धरून सुमारे ६९ लाखांचा मूळ निधी लागेल. वेतनवाढीसाठी त्यात आणखी भर घालावी लागेल. ही रक्कम एका कुटुंबाला मोठी वाटली तरी विश्वस्त संस्थेला अशक्य नाही.

देणगीच्या अटीत एक वाक्य मात्र अवश्य असावे : या पदावरील परिचारिकेची कर्करोग विभागाबाहेर बदली केली जाणार नाही, आणि तिचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक रुग्णाच्या फाईलवर लिहिला जाईल. विश्वस्तांच्या पुढील सभेत रुग्णालयाकडून यंत्रांची यादी मागवली जाईल, तेव्हा तिच्यासोबत परिचारिकांच्या रिकाम्या पदांची यादीही मागवावी.